सातव्या मजल्यावरची दोन बोटं

भावात मला हरवणारा माणूस भाईंदरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत अजून जन्मायचा आहे, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. पत्रा, केबल, मोटार, गाळ्याचं भाडं, काहीही मी समोरच्याने सांगितलेल्या भावाने घेतलेलं नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावण्यापासून मी सुरुवात केली. आज माझी पॅनेलं, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या पेट्या, मीरा रोडपासून घोडबंदरपर्यंत चालतात. हे सगळं घासाघिशीवर उभं आहे. आणि तरी एक म्हातारा होता, ज्याच्यापुढे माझी घासाघीस कधी चालली नाही. त्याच्यावर माझा राग आहे. अजून आहे. नाहीतर लिहायला बसलो नसतो.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोठमोठ्या कारखान्यांच्या मशीनींचे प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर जुन्या भाईंदर गावात एकटे राहत. माझ्या पॅनेलमधला प्रोग्रॅम बघायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून मी त्यांना गाळ्यात बोलावलं.

"आठवड्याचे तीन दिवस या," मी म्हटलं.

"अडीच."

"दोन पूर्णांक आठ दशांश," मी गमतीने म्हटलं.

ते हसले नाहीत. "तो आकडा माझ्याकडे मावत नाही, शेठ. पावणेतीन मावतो. देऊ?"

मी मनात म्हटलं, चला, पाव दिवस तरी काढला. पण तिसऱ्या दिवसाचा पाऊण भाग संपला की काका बोलता बोलता उठायचे. एकदा तर फोनवर गिऱ्हाईक होतं आणि मी त्यांना काहीतरी विचारत होतो. "शेठ, पाऊण झाला," म्हणून त्यांनी डबा उचलला आणि गेले. मी रागाने स्क्रूड्रायव्हर फेकला. तो पंख्याला लागला.

त्यांची आणखी एक सवय माझ्या डोक्यात जायची. कोणी विचारलं, "काका, झालं का?" तर ते म्हणायचे, "कुठपर्यंत?" होऊन जाईल, चालून जाईल, उन्नीस-बीस, हे आमच्या धंद्याचे शब्द. त्यातला एकही त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. नवी लिफ्ट बघायला गेले की चपला बाहेर काढायचे आणि डोळे मिटून उंबऱ्यावरून आत-बाहेर पाऊल टाकायचे. लोकांना वाटायचं, काका देवळात आलेत. "डोळा समजूत घालतो," ते म्हणायचे. "तळपाय घालत नाही."

दोन पूर्णांक आठ का मावत नाही, ते मला दसऱ्याला कळलं. गाळ्यात मशीनींची पूजा झाली. बर्फीची एक मोठी वडी होती आणि माणसं दहा. मी सुरी घेतली तर काकांनी माझा हात धरला.

"आज कॉम्प्युटर वाटणी करेल. त्याचा नियम एकच. जे समोर आहे त्याचे निम्मे करायचे. तीन नाही, पाच नाही. निम्मे, आणि निम्म्याचे निम्मे."

मग म्हणाले, "आमच्या वडिलांचं कोकणात किराण्याचं दुकान होतं. जुनी वजनं पेटीत तशीच पडलेली. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. कॉम्प्युटर म्हणजे तेच दुकान. छटाकाच्या खालीही तो निम्मी निम्मी वजनं करत जातो, पण वजनं तीच. आता एवढ्यावर मला शेराचा बरोबर दहावा भाग तोलून दाखवा."

त्यांनी वडीचे सोळा तुकडे केले आणि एक आमच्या वेल्डरच्या हातावर ठेवला. "दहाव्या भागाला हा कमी पडतो." दुसऱ्या तुकड्याचा निम्मा त्यावर ठेवला. "अजून कमी." त्याच्याही निम्मा ठेवला. "आता जास्त झाला." तो उचलला, त्याचं निम्मं ठेवलं, तरी जास्त. त्याचंही निम्मं ठेवलं, तर परत कमी. सगळे हात पुढे करून उभे. वेल्डरच्या तळहातावर बर्फीचा भुगा.

"काका, चूरा हो गया," तो म्हणाला. "अब खाने दो ना!"

"हेच!" काका खूश झाले. "कुठेतरी थांबावं लागतं. कॉम्प्युटरकडेही आकडा ठेवायला जागा ठरलेली असते. ती भरली की तो थांबतो. दहावा भाग त्याच्या हातात कधीच पुरा येत नाही. जे कमी-जास्त राहतं ते तो सोडून देतो."

"म्हणजे अर्धा, पाव, पाऊण जमतं?"

"अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आज्यांचे पावकी-निमकीचे पाढे त्याला तोंडपाठ आहेत. एक दशांश म्हटलं की त्याची बोबडी वळते."

"एका चिमटीने कोणाचं काय बिघडतं, काका?"

"एकदा वाटली तर काहीच नाही, शेठ." एवढं बोलून त्यांनी भुगा तोंडात टाकला. त्या दिवसापासून पाठीमागे सगळे त्यांना अच्छेर म्हणायला लागले.

आता माझ्या ताईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण राग तिथला आहे.

आईवडील गेल्यावर ताईने मला वाढवलं. भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला जाऊन वाढवलं. मीरा रोडला सातव्या मजल्यावर ती आणि तिचा मुलगा राहतात. घरात पडून तिच्या कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. त्याच सुमारास त्यांच्या इमारतीची जुनी लिफ्ट कायमची बंद पडली. नवी लिफ्ट बसवायचं काम मी घेतलं. माझी पॅनेलं तोवर तीन-चार मजली इमारतींत चालत होती. सात मजल्यांचं हे पहिलंच.

काम चालू असताना ताईला नातू झाला. सुनेचं माहेर पेणकरपाड्याला, बाळंतपण तिकडेच. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ बाहेर काढायचं नाही, असं तिच्या आईने बजावलेलं. म्हणजे नातू बघायचा तर ताईनेच खाली उतरलं पाहिजे. बारसं रविवारी होतं.

"तुला चौघे जण खुर्चीसकट उचलून नेतो," मी तिला म्हटलं होतं.

"ऑपरेशनहून आले तेव्हा तसंच वर आणलंत ना? प्रत्येक मजल्यावर लोक दार उघडून बघत होते. मयतासारखं मला जिन्यातून परत न्यायचं नाही. तुझ्या लिफ्टने उतरेन. तुझी लिफ्ट होतेय ना रविवारपर्यंत?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

माझ्या लिफ्टची मोजणी अशी होती. मोटारीच्या चाकाला एक डबी असते. चाक फिरलं की ती पॅनेलला टिचक्या मारते. एक टिचकी म्हणजे लिफ्ट मिलिमीटरचा दहावा भाग सरकली. हा प्रोग्रॅम मी काका यायच्या आधी अंधेरीच्या एका इंजिनिअरकडून करून घेतला होता, भरपूर भाव पाडून. त्यात वर जाताना दर टिचकीला उंचीत एक दशांश मिळवला जाई, खाली येताना वजा केला जाई. मजल्यामजल्यावर खुणेचे चुंबकही लावतात लोक. मी ते लावत नव्हतो. मोजणी पुरत होती.

काकांनी तो प्रोग्रॅम आल्या आल्याच वाचला होता. "हा उंच इमारतीत चालणार नाही," त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

"इतक्या इमारतींत चालतोय ना?"

"तिथे वर जायला जागाच नाही, शेठ. म्हणून चालतोय."

शुक्रवारी आम्ही ताईच्या इमारतीत लिफ्ट वर नेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत उंबऱ्याला उंबरा. चौथ्यावर काकांनी अनवाणी पाऊल टाकलं आणि डोळे उघडले. सहाव्यावर मलाही दिसलं. सातव्यावर लिफ्ट मजल्याच्या वर दोन बोटं थांबली होती. चांगली आडवी दोन बोटं. सोसायटीचे सेक्रेटरी सोबत होते. ते म्हणाले, "अरे शेठ, ये तो सीढ़ी बन गई!"

काका शांतपणे खाली बसले, बोटांनी ती पायरी मोजली आणि मला तिथेच समजावायला लागले.

"स्टीलच्या भंगाराचा ट्रक काट्यावर चढवता ना तुम्ही? भरलेल्या ट्रकवर एक लिंबू ठेवा. काटा हलेल?"

"नाही."

"रिकाम्या तराजूत ठेवा. हलेल. लिंबू तेच. मशीनला आकडा ठेवायला ठरावीक घरं आहेत. लिफ्ट खाली असते तेव्हा उंचीचा आकडा लहान, त्याच्या शेजारी बारीकसारीक ठेवायला जागा असते. लिफ्ट वर गेली की मोठा आकडाच घरं अडवून बसतो. मग दर टिचकीला आपण एक दशांश देतो, त्यातलं थोडं बाहेर सांडतं. पॅनेलला वाटतं, आपण अजून पोचलो नाही. म्हणून ते लिफ्ट पुढे ओढतं. ही दोन बोटं म्हणजे सांडलेला माल आहे."

समजलं मला. मी मूर्ख नाही. म्हणून लगेच तोडही काढली. "सातव्यावर किती चुकतं ते कळलं ना? मग प्रोग्रॅममध्ये लिहा, सातव्याला दोन बोटं आधी थांब. सहाव्याला त्याहून कमी. पाचव्याला आणखी कमी. तासाभराचं काम."

"आणि वीज गेली तर?"

"वीज येईल परत."

"आली की तुमची लिफ्ट काय करते?"

वीज गेली की माझं पॅनेल आपली जागा विसरतं. वीज आली की लिफ्ट जवळच्या टोकाला जाते, कधी तळाला, कधी माथ्याला, आणि तिथून नव्याने मोजायला लागते.

"तळातून मोजत आली तर तुमची दोन बोटं कामाला येतील," काका म्हणाले. "माथ्यावरून मोजायला लागली तर सातवा मजला आपोआप बरोबर असेल, आणि तुमची दोन बोटं लिफ्टला उंबऱ्याच्या खाली नेतील. शिवाय तळमजल्यावर नवा खड्डा. चूक कुठे जात नाही, शेठ. फक्त मजला बदलते."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, काका! रविवार जाऊ द्या. ताई उतरेल, बारसं होईल, ताई चढेल. सोमवारपासून तुम्हाला पाहिजे तितके दिवस घ्या."

"नाही."

"मी स्वतः तिच्यासोबत उभा राहतो लिफ्टमध्ये."

"तुम्ही उभे राहिलात म्हणून उंबरा जागेवर येईल?"

मी खूप बोललो. जिन्यात माझा आवाज घुमत होता. उद्यापासून येऊ नका म्हणालो, अंधेरीच्या माणसाला आत्ता बोलावतो म्हणालो, पावणेतीनचे तीन दिवस करतो म्हणालो, मग दीडही चालेल म्हणालो. आयुष्यभर मी पाहिलंय, समोरचा माणूस कितीही ताठ असला तरी कुठेतरी मधे भेटतो. हा माणूस मधे भेटलाच नाही. माझं बोलणं संपायची वाट बघितली, चपला हातात घेतल्या आणि ताईच्या दाराची बेल वाजवली.

तो राग माझ्या मनात घर करून आहे. मला न विचारता, माझ्या देखत, माझ्या ताईला ते म्हणाले, "ताई, रविवारी लिफ्ट नाही."

ताईने नवं पातळ काढून मांडीवर ठेवलं होतं. हात त्यावरच राहिला. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. त्यांनाच विचारलं, "काय होईल? खुर्ची अडकेल, की पडेल?"

"एकदा अडकेल, एकदा पडेल. कधी काय ते वीज ठरवेल."

ताईने पातळ उचलून बाजूला ठेवलं. "मग नको," म्हणाली. मग मला, "तू कशाला ओरडत होतास जिन्यात? सेक्रेटरीसमोर? हे तर घरचं माणूस आहे."

घरचं माणूस! भेटून पाच मिनिटं झाली होती.

बारशाला मी गेलो. मन लागलं नाही. ताईचा मुलगा फोनवरून तिला पाळणा दाखवत होता आणि फोनमधून बायकांच्या गाण्यापेक्षा मोठा ताईच्या हसण्याचा आवाज येत होता. घुगऱ्यांचा डबा घेऊन मी परत आलो, सात मजले चढलो, तर काका ताईसमोर पाटावर बसलेले. भाईंदर गावातून रविवारी, म्हणजे पावणेतीनात न बसणाऱ्या दिवशी, स्वतःहून आले होते. दोघं सवायकी म्हणत होते. एक सव्वा सव्वा, बे सव्वा अडीच. ताईला शाळेतली निम्मीच आठवत होती, जिथे अडेल तिथे काका पुढचं सांगत. तिचे डोळे लाल होते. रडून झालं असावं. पण मी आत आलो तेव्हा ती हसत होती.

"ये," ती मला म्हणाली. "यांना जेवायला वाढ आधी. सकाळपासून माझ्यासोबत बसलेत."

वाढलं मी. मालक मी, भाऊ मी, सात मजले चढून आलेला मी, आणि पोळी त्यांच्या पानात. त्यांनी ती पोळी आधी अर्धी केली, मग पाव, आणि पावाचा घास घेतला.

पुढचे काही आठवडे काका पॅनेलवर बसले. दशांश त्यांनी मुळातूनच काढून टाकला. आता पॅनेल नुसत्या टिचक्या मोजतं, एक, दोन, तीन, पुऱ्या आकड्यांत. वर जाताना वाढवतं, उतरताना कमी करतं. एक टिचकीही सांडत नाही. आतल्या पाटीवर उंची दाखवायची असेल तेव्हाच दहाने भागतं, तेही दाखवण्यापुरतं. भागलेला आकडा परत मोजणीत घेत नाही.

"गोल करू नका असं मी कधी म्हटलं, शेठ?" एकदा चहा पिताना ते म्हणाले. "गोल केल्याशिवाय जग चालत नाही. पण एकदाच करा, शेवटी करा. पावलापावलाला केलंत तर कुठे येऊन उभे राहिलात ते तुम्हालाच कळणार नाही."

मजल्यामजल्यावर चुंबकही त्यांनी लावायला लावले. मी म्हटलं, दोन्हीची काय गरज? एकतर मोजणी तरी, नाहीतर चुंबक तरी. त्यांनी चुंबकांचा डबा माझ्या हातात दिला. लावले मी. आता माझ्या सगळ्या इमारतींत दोन्ही असतं, आणि गिऱ्हाईकाने त्यावर भाव पाडायचा प्रयत्न केला तर मी त्यालाच ओरडतो.

त्यांचं गणित बरोबर होतं. हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलं, पुढे ते मुलीकडे राहायला गेले त्या दिवशीही केलं. तक्रार गणिताबद्दल नाही. तक्रार अशी की बारशाच्या दिवशी माझी बहीण तिच्या नातवाच्या पाळण्यापाशी नव्हती. तो दिवस कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. ते म्हणतील, पडली असती तर? पडली नसती तर, असं मी म्हणेन. यावर आमचा सौदा तुटलेला आहे तो तुटलेलाच आहे.

लिफ्ट चालू झाली त्या सकाळी काका तळापासून सातव्यापर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर अनवाणी उभे राहिले. मेन स्विच पाडून परत चढवला, लिफ्ट माथ्यावर पाठवली, पुन्हा प्रत्येक उंबरा तपासला. मग ताईच्या दारात येऊन म्हणाले, "चला."

बाळाचा सव्वा महिना अजून संपायचा होता. ताईने तेच पातळ नेसलं होतं. खुर्ची उंबऱ्यावरून आत गेली, चाकाला साधा खट् आवाजसुद्धा झाला नाही. मी मागून आत शिरणार तर ती म्हणाली, "तू दाराला कुलूप लाव. काका, तुम्ही या." दार बंद झालं. कुलूप लावून मी जिन्याने खाली आलो.

खाली रिक्षावाला खुर्ची बघून म्हणाला, "इसका अलग लगेगा, सेठ."

"अलग काय का? घडी होती है उसकी! देख, इतनीशी होती है."

"जगह तो लेगी ना."

"सवारी दोनच आहे, तिसरी की जगह में आएगी."

आतून ताई म्हणाली, "मी बसू का इथेच, तुमचा सौदा होईस्तोवर?"

घडी केलेली खुर्ची काकांच्या गुडघ्यांवर आली, मला जागा उरली नाही. मी स्कूटर काढली.

पेणकरपाड्याला सुनेचं माहेर म्हणजे तळमजल्यावरची बैठी खोली. ताईच्या मांडीवर बाळ दिलं. तिने बाळाची मूठ उघडून बघितली, मिटली, परत उघडली. सून म्हणाली, "आई, ओलं केलं वाटतं त्याने." ताई म्हणाली, "करू दे." दुपार कलेपर्यंत ती त्याच जागी बसून होती. काका दाराबाहेर चहा पीत बसले होते.

परत निघालो. रिक्षा पुढे, मी मागे. महामार्गाला आलो तर मीरा रोडकडे वळायच्या जागी रिक्षा वळली नाही. सरळ घोडबंदरकडे निघाली. मी हॉर्न दिला. थांबेना. पुढच्या सिग्नलला तिला गाठलं आणि आत वाकून ओरडलो, "ताई, घर मागे राहिलं! कुठे चाललात?"

"खाडीवर. किती दिवसांत पाणी बघितलं नाही."

"अगं, संध्याकाळ होईल! मग वर कधी जाणार?"

खुर्चीमागून काकांचं फक्त डोकं दिसत होतं. ताईने पदर सावरला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखंच विचारलंय.

"जाऊ की केव्हाही," ती म्हणाली. "लिफ्ट आहे ना आता."